हजेरीपटावरच्या गावांपर्यंत: खान्देशात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी गटप्रवासाचं मार्गदर्शन

सहलीची तारीख ठरवण्याआधी वर्गाचा हजेरीपट काढा. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे गाव आणि तालुका लिहा. मग तिन्ही जिल्ह्यांचा तालुकावार नकाशा घेऊन त्यावर एकेक टिंब द्या. जळगावचे १५ तालुके, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६, असा एकूण २५ तालुक्यांचा हा पसारा आहे. साठ जणांच्या वर्गाची टिंबं देऊन झाली की कुठे दाटी आहे आणि कुठे एकच टिंब आहे ते दिसतं. दाटी असलेला एक पट्टा आणि तुमच्या गटातल्या कोणीही कधी न पाहिलेला एक पट्टा निवडा. प्रवासाचा आराखडा या दोन पट्ट्यांवर उभा करा.

आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी आणि मग गाडी, या क्रमाने आखलेल्या सहलीत अजिंठा बघून होतो, पण मागच्या बाकावरचा मुलगा सोमवारी पहिल्या तासाला का पोहोचत नाही ते कळत नाही. (अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, हेही बऱ्याच जणांना फर्दापूरला उतरल्यावर कळतं.) लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. जळगावहून ती जवळ आहेत आणि जरूर बघावीत, पण कुटुंबासोबत, वेगळ्या दिवशी.

गट किती जणांचा

बारा ते चौदा जण पुरेत. त्याहून मोठा गट शेताच्या बांधावर उभा राहिला तर मागच्यांना ऐकू येत नाही आणि शेतकरीही सभेत बोलल्यासारखं बोलू लागतो. गट एकाच विभागाचा नसावा. भूगोल, मराठी, रसायनशास्त्र, वाणिज्य आणि संगणक यांतले दोन-दोन जण घ्या. रसायनशास्त्राचा माणूस केळीच्या ठिबकमधून सोडलेल्या खताबद्दल जे विचारेल ते मराठीच्या माणसाला सुचणार नाही, आणि झोक्यावरची गाणी ऐकताना उलटं होईल.

चौदातले दोन जण इथलेच हवेत, आणि ते प्राध्यापक असायला हवेत असंही नाही. ग्रंथालयातले, कार्यालयातले, प्रयोगशाळेतले कर्मचारी बहुतेक जवळपासच्या गावांतून येतात. गाव, नातीगोती आणि बोली यांची जाण त्यांना असते. त्यांना ‘सोबत चला’ म्हणून शेवटच्या दिवशी सांगू नका, आखणीच्या पहिल्या बैठकीला बोलवा. त्यांचा खर्च गटाने उचलावा.

कधी निघायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्चमध्ये ऊन चढतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी अकरा ते पाच या वेळेत शेतात किंवा किल्ल्यावर नेऊन कोणाचंही भलं होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सातपुडा आणि पाटणादेवीचा परिसर देखणा असतो, पण घाटात दरडी येतात, ओढे अचानक भरतात आणि गाडी अलीकडच्या काठावर अडकते. पावसाळ्यात जायचंच असेल तर मुक्काम न करता जा आणि दुपारी तीनला परतीला लागा.

विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक बघणं ओघाने आलंच. त्याशिवाय गावचं पंचांग बघा. श्रावणात कानबाई, म्हणजे इथली देवी, बसते त्या रविवारी आणि सोमवारच्या विसर्जनाला घरोघरी पाहुणे असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात. बोलावणं असेल तर या दिवसांसारखे दिवस नाहीत. नसेल तर त्या दिवशी कोणाचं दार वाजवू नका. महाशिवरात्रीला चांगदेव आणि तोरणमाळ या दोन्ही ठिकाणी यात्रा असते आणि रस्ते भरून जातात. मंगळवारी अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरामुळे त्या गावात गाडी लावायला जागा मिळत नाही.

गाडी

सतरा आसनी ट्रॅव्हलर घ्या आणि चौदा जण बसा. उरलेल्या जागा पाण्याला, सामानाला आणि वाटेत भेटणाऱ्या माणसाला लागतात. पंचेचाळीस आसनी बस गावात वळत नाही आणि सातपुड्याच्या अरुंद घाटात समोरून ट्रक आला की मागे घेता येत नाही. गट मोठाच असेल तर एसटी ‘प्रासंगिक करारा’वर मिळते. आगारात अर्ज द्या आणि किमान किलोमीटर व थांबण्याचा आकार यांचा हिशेब आधी लेखी घ्या.

खासगी गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण अपघात झाला तर भाड्याने नेलेल्या खासगी गाडीचा विमा नाकारला जाऊ शकतो. परवाना, फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती निघण्याआधी दोन दिवस मागवून वाचा. बऱ्हाणपूर किंवा गुजरातकडचा टप्पा असेल तर परराज्याचा परवाना व कर चालकाने भरलाय का ते विचारा. सीमेवर गाडी अडली की अर्धा दिवस जातो.

वेळेचा हिशेब असा धरा: सपाटीवर तासाला ४० किलोमीटर, घाटात २०. मोबाइलवरचा नकाशा याहून कमी वेळ दाखवतो, कारण ट्रॅक्टर-ट्रॉल्या, उसाच्या बैलगाड्या आणि चौदा जणांचा चहा त्याच्या हिशेबात नसतो. दिवसाला तीन थांबे पुरेत. चौथा थांबा कागदावर लिहिला की तिन्ही थांबे उरकल्यासारखे होतात.

पहिली फेरी: तापीचा पूर्व भाग, एक दिवस

सुरुवात इथून करा, कारण हा पट्टा जवळ आहे आणि सोपा आहे. सकाळी साडेसहाला जळगाव सोडा. भुसावळवरून मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला जा. इथे तापी आणि पूर्णा मिळतात. संगमावर उभं राहून भूगोलाच्या सहकाऱ्याला दहा मिनिटं बोलू द्या: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, आणि दक्षिणेकडून तिला मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. ही चौकट एकदा डोळ्यांत बसली की पुढच्या सगळ्या फेऱ्या तिच्यात आपोआप बसतात. जवळच कोथळी आणि मेहूण ही मुक्ताबाईंची स्थानं आहेत. आषाढीला इथून पंढरपूरला पालखी जाते. वर्गात त्या काळात काही जण गैरहजर असतील तर कारण इथे सापडेल. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पक्षी येतात. दुर्बीण असेल तर अर्धा तास तिथे द्या.

परत भुसावळला येऊन तापी ओलांडा आणि फैजपूर गाठा. १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथेच झालं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. पण या फेरीचा गाभा केळीची बाग आहे. रावेर-यावल पट्ट्यातले विद्यार्थी घरी काय बघत मोठे होतात ते इथे दिसतं. बागेत किमान दीड तास थांबा. दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने लावली तर हेक्टरी ४४४४ झाडं बसतात. लागवडीपासून घड कापायला साधारण वर्ष लागतं, म्हणजे वर्षभराचं भांडवल जमिनीत अडकलेलं असतं. मे-जूनच्या वादळात घडाच्या वजनाने झाडं आडवी होतात. थंडीत वाढ रेंगाळते. सीएमव्ही हा विषाणूरोग आला तर झाडं उपटावी लागतात. शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न: कंद लावले की टिश्यूची रोपं, निसवण (घड बाहेर पडणं) कधी झाली, भाव कोण ठरवतं, कापणीचा दिवस कोण ठरवतं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं वाणिज्यवाल्यांनी वहीत लिहून घ्यावीत.

बागेत दोन गोष्टी सांभाळा. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका. आणि केळीचा चीक कपड्याला लागला तर धुऊन जात नाही, तेव्हा जुने कपडे घाला. परतताना यावल-किनगाव करत विदगावच्या पुलावरून जळगावला या. याच बाजूला बामणोद आहे, भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेलं. चौदा जणांना चार-पाच किलो वांगी लागतात. ती पऱ्हाट्या-तुराट्यांवर भाजून लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणासोबत ठेचतात. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर खा. आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तरच हे मिळेल.

दुसरी फेरी: चाळीसगाव आणि पाटणादेवी

ही रेल्वेने करा. जळगावहून चाळीसगाव तास-सव्वा तास. स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. अनेक दशकं त्यांनी हे घर जवळपास सोडलं नाही आणि तिथेच काम केलं. संग्रह उघडा आहे का ते आधी फोनवर विचारा. मग स्थानिक जीप करून अठरा किलोमीटरवरच्या पाटण्याला, म्हणजे पाटणादेवीला, जा.

पाटण्याचा शिलालेख गणित आणि मराठी या दोन्ही विभागांनी मिळून बघावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. यादव राजा सिंघणाच्या काळातला, शके ११२८ च्या सुमाराचा हा लेख. श्लोक संस्कृतात आहेत, पण बाजारातल्या मालावरचा कोणता वाटा मठाला द्यायचा ते जुन्या मराठीत आहे. व्यापाऱ्याला कळलं पाहिजे ते त्याच्या भाषेत. हा चांगदेव आणि तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे. नवे लोक दोघांची गल्लत करतात आणि वर्गात तीच सांगतात.

परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क. कड्याकपारीत आग्यामोहोळ असतं, म्हणून अत्तर, धूर आणि मोठा आवाज टाळा. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी डोंगरापलीकडे आहेत. त्याच दिवशी दोन्ही करू नका.

तिसरी फेरी: अमळनेर-धुळे

अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे. प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये ही संस्था सुरू झाली. साने गुरुजी इथल्या हायस्कुलात शिक्षक होते. विप्रोची सुरुवातही १९४५ मध्ये याच गावात, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही दोन ठिकाणं बघा. इथल्या हस्तलिखितांवर संशोधक विद्यार्थ्यांचे विषय निघू शकतात, म्हणून नुसतं दर्शन न घेता प्रवेशाचे नियम, प्रतींचे दर आणि वेळ लिहून आणा. संध्याकाळी शहराबाहेर मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा लळिंग किल्ला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या मुक्कामाच्या आठवणीसाठी ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी जमते.

पाण्याचा विषय असलेल्यांनी अर्धा दिवस वाढवून पांझरेकाठची फड पद्धत समजून घ्यावी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवतात, म्हणजे तोटा सगळ्यांत वाटला जातो. पाणी देण्याचं काम शेतकऱ्याचं नाही, पाटकऱ्याचं. धरणं आणि विहिरी वाढल्या तशी ही पद्धत विरत गेली. पाटकरी म्हणून काम केलेला म्हातारा माणूस गावात असेल तर त्याच्याशी बोलणं नुसता बंधारा बघण्यापेक्षा मोलाचं आहे.

चौथी फेरी: नंदुरबार आणि सातपुडा, दोन मुक्काम

हिला सगळ्यात जास्त तयारी लागते आणि बहुतेक गट हीच फेरी टाळतात. टाळू नका. विद्यार्थ्यांबद्दलचे सगळ्यात जास्त गैरसमज याच भागाबद्दल असतात.

पहिल्या दिवशी नंदुरबार. रेल्वेने गेलात तर सुरत-भुसावळ मार्गावर धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा अशी गावं क्रमाने दिसतात. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार जिथे गोळीबारात गेले तो चौक बघा. डिसेंबर-जानेवारीत शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या असतात, लाल मिरची मैदानावर वाळत पडलेली. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी गाडीतून उतरू नये. बाकीच्यांनी नाकाला ओला रुमाल बांधावा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात. तिथल्या बायकांचा रोज, हंगामाचे महिने आणि मुलांची शाळा, एवढं विचारलंत तरी पुष्कळ कळेल. संध्याकाळी तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा. तिथल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली आहे. मुक्काम शहाद्यात. दत्तजयंतीच्या सुमारास आलात तर सारंगखेड्याचा घोडेबाजार वाटेवर आहे, पण तेव्हा खोल्या महिनाभर आधी धरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत तोरणमाळकडे निघा. डिझेल शहाद्यातच पूर्ण भरा. पुढे मोबाइल लागेलच असं नाही, म्हणून परतीची वेळ शहाद्यातल्या एका माणसाकडे लेखी ठेवा. घाटात वळणं सलग आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि नाश्ता वर पोहोचल्यावर द्या. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, जानेवारीच्या रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा एका पांघरुणावर विसंबू नका. विश्रामगृहाची नोंदणी असली तरी सरकारी दौरा आला की ती रद्द होऊ शकते. दुसरी सोय आधी विचारून ठेवा. यशवंत तलाव आणि सीताखाई बघाल तेवढ्यात दुपार होईल. मग एखाद्या पाड्यावर जा.

पाड्यावर जाण्याची रीत ठरलेली ठेवा. एक: तिथल्या विद्यार्थ्यामार्फत किंवा तिथे शिकवणाऱ्या शिक्षकामार्फत आठवडाभर आधी निरोप जाऊ द्या. दोन: पोहोचल्यावर आधी पोलीस पाटील किंवा कारभाऱ्याला भेटा आणि आपण कोण, कशासाठी आलो ते सांगा. तीन: एका घरी चारपेक्षा जास्त जण जाऊ नका. चार: विचारल्याशिवाय फोटो काढू नका, लहान मुलांचे तर नाहीच. पाच: मुलांना चॉकलेट आणि नोटा वाटू नका. द्यायचंच असेल तर शाळेला काय हवं ते शिक्षकाला विचारून द्या. होळीच्या वेळी काठी या गावाला किंवा इतर गावी गेलात तर हेच नियम अधिक कडक पाळा. सजून नाचणाऱ्यांपैकी कित्येकांचं ते व्रत असतं, त्यांना सेल्फीसाठी अडवू नका. होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते, तेव्हा झोपेची सोय गाडीतच धरा. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते. तो डोंगर चढायचा असेल तर वाटाड्या हवाच.

अक्राणी-अक्कलकुव्यातल्या नर्मदाकाठच्या गावांची जमीन सरदार सरोवरात बुडाली. त्यातली कुटुंबं तळोदा-शहादा भागातल्या पुनर्वसन वसाहतींत राहतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्याचं ‘मूळ गाव’ आणि ‘पत्ता’ वेगळे का, याचं उत्तर तिथे आहे. वसाहतीत शेतजमिनीची प्रत, पाणी आणि कागदपत्रं यांबद्दल लोक मोकळेपणाने बोलतात. तुम्ही सरकारी अधिकारी नाही आणि कुठलं आश्वासन देऊ शकत नाही, हे सुरुवातीलाच सांगा.

तिसऱ्या दिवशी परतीला नवापूर घेता येतं. तिथलं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, आणि तालुक्यातली मावची बोली सातपुड्यातल्या पावरी बोलीहून वेगळी आहे.

बोली

गाडीत बसल्या बसल्या बोलींचा एक साधा नकाशा करा. गिरणा-पांझरेकडे अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी, भिल्ली, तडवी, नवापूरकडे मावची, शहाद्यात गुजरीही. अहिराणीत ‘आठे’ म्हणजे इथे, ‘तठे’ म्हणजे तिथे, ‘शे’ म्हणजे आहे, एवढं कानावरून गेलं तरी पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकेतल्या काही ‘चुका’ वेगळ्या दिसतात. ती वाक्यं चुकलेली नसतात, घरच्या व्याकरणाने लिहिलेली असतात. एखादं वाक्य बोलून बघा, पण गंमत म्हणून नक्कल करू नका. नक्कल लगेच ओळखू येते.

पाणी, जेवण, पैसे

माणशी दिवसाला तीन लिटर पाणी, मार्चपासून पाच. चौदा जणांना वीस लिटरचे दोन जार आणि प्रत्येकाची बाटली. स्वच्छतागृहांसाठी पेट्रोलपंप आणि एसटी स्थानकांवर विसंबू नका. तालुक्याच्या गावातल्या संलग्न महाविद्यालयात आधी फोन करा. स्त्री सहकाऱ्यांची सोय होते आणि तिथल्या प्राध्यापकांची ओळखही. वाटा, मुक्काम आणि माणसं यांची सगळ्यात पक्की माहिती त्यांच्याकडेच असते.

शेवभाजी मागवताना ‘तिखट कमी’ सांगून उपयोग नाही, रस्सा आधीच तयार असतो. तिखट न चालणाऱ्यांनी वरण-बट्टी किंवा कढी-फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके) घ्यावेत. घरी जेवायला बोलावलं तर दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी आणि उडदाची डाळ मिळेल. यजमानांना चौदा हा आकडा दोन दिवस आधी कळवा आणि पंधरावा माणूस ऐनवेळी वाढवू नका. पैसे देऊ केले तर बहुतेक जण घेत नाहीत. किराणा किंवा मुलांसाठी वह्या-पुस्तकं चालतात.

फेरी कार्यालयीन असेल तर कर्तव्य रजा आणि खर्चाची मंजुरी निघण्याआधी हातात हवी. नंतर मिळेल या भरवशावर गेलेल्यांची बिलं अडकतात. स्वखर्चाची असेल तर एकाच माणसाने पैसे गोळा करावेत आणि हिशेब त्याच रात्री गटात टाकावा. सातपुड्यात यूपीआय दर ठिकाणी चालत नाही. दहा-वीसच्या नोटांत दीड-दोन हजार रुपये सुटे ठेवा.

परतल्यावर

आठवडाभराच्या आत तासभर बसा. प्रत्येकाने आपल्या विषयाचा एक प्रश्न लिहून आणावा जो या प्रवासात पडला. वर्गात वापरता येईल असं एक उदाहरणही आणावं: केळीच्या घडाचं वजन आणि भाव संख्याशास्त्राला, ठिबकचा दाब भौतिकशास्त्राला, पाटण्याच्या लेखातला बाजारकर इतिहासाला. ज्यांच्याकडे गेलात त्यांचे फोटो छापून पाठवा. मोबाइलवर पाठवलेले हरवतात, छापलेले भिंतीवर लागतात. मग हजेरीपटाचा तो टिंबांचा नकाशा पुन्हा काढा, जिथे जाऊन आलात ती गावं रंगवा, आणि जूनमध्ये नवा वर्ग आला की त्यावर नवी टिंबं द्या.